विम्याचे १,२९० रुपये घेतले, पावतीवर मात्र लिहिलं ‘गिफ्ट’

कुरिअरने पाठवलेली जुनी नाणी हरवली आणि त्यापायी एकूण गेले ८४,४१० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘गेलं असेल किरकोळ काहीतरी’ असं कुणाला वाटायला नको. त्यात नाण्यांचे ६४,५००, कुरिअरचे २२०, ‘विम्याचे’ म्हणून रोख मोजून घेतलेले १,२९० आणि वर जखमेवर मीठ म्हणून गेलेले १८,४००. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात केलेल्या माणसाला हे लिहिताना काय वाटतं, ते विचारू नका. घरात रोज विचारलं जातं, तेवढं पुरे.

नाण्यांचा नाद असलेल्यांना टपालातले धोके मी नव्याने सांगायला नकोत. डबा रिकामा निघाला म्हणून बोंब मारणारा, पेमेंटचा खोटा स्क्रीनशॉट पाठवणारा, अस्सल नाणं ठेवून घेऊन नकली परत पाठवणारा, ही सगळी मंडळी आपल्या ओळखीची आहेत. म्हणूनच नागपूरच्या गिऱ्हाइकाचे पूर्ण पैसे खात्यात आल्यावरच मी पुडकं बांधायला घेतलं. त्या गिऱ्हाइकाबद्दल माझी काही तक्रार नाही, माणूस सरळ निघाला. मला बुडवलं ते पैसे घेऊन वस्तू सांभाळायचा धंदा करणाऱ्याने.

पुडक्यात काय होतं तेही सांगतो. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया, ग्रेडिंग, म्हणजे अस्सलपणाची आणि दर्जाची तपासणी होऊन सीलबंद प्लास्टिकमध्ये आलेला, २६,००० चा. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, सरकारने बरेचसे रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ पासून ठशातला हत्ती बदलला, तोच हा ‘डुकराचा रुपया’. शिवाय सयाजीराव तिसऱ्यांचा मुखवटा असलेले बडोद्याचे पाच रुपये, प्रत्येकी ६,५०० प्रमाणे ३२,५००. आणि निवडक बारा शिवराया, म्हणजे शिवछत्रपतींच्या नावाची तांब्याची नाणी, ६,००० च्या. बडोद्याचे रुपये वडिलांनी जमवलेले. मुलाच्या शिक्षणाच्या हप्त्यासाठी काढले, हौस म्हणून नाही. हे लिहायचं कारण पुढे कळेल.

आता त्या काउंटरबद्दल. कंपनी नावाजलेली, पण गाळा फ्रँचायझीचा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असंच असतं, पाटी मोठ्या कंपनीची आणि आत बसलेला माणूस कमिशनवाला. पोरगा ओळखीचा, चुणचुणीत. मी डबा पुढे केला तसा त्याने तो कानाशी धरून हलवला. “काका, वाजतंय. आत काय आहे?” मी म्हटलं, जुनी नाणी आहेत, ६४,५०० किंमत आहे, विमा करून पाठवायचंय. तो म्हणाला, “कॉइन लिहिलं तर कंपनी घेत नाही काका. गिफ्ट आर्टिकल टाकतो. विम्याचं मी बघतो, दोन टक्के रोख द्या.”

हे वाक्य मी आता पाठ म्हणतो. कंपनी नाणं घेतच नसेल तर नाण्याचा विमा कुठून उतरवणार? आणि कागदावर नाणंच नसेल तर विमा कशाचा, गिफ्टच्या रंगीत कागदाचा? कारखान्यात कुणी असं व्हाउचर माझ्यापुढे आणलं असतं तर मी ते तोंडावर फेकलं असतं. इथे पाकिटातून १,३०० काढून दिले आणि वरचे दहा रुपये परत घेतले. त्याने पावती उलटी करून मागे बॉलपेनने ‘१२९० इन्शु.’ लिहिलं, खाली शेपटीसारखी सही मारली. मला वाटलं, झालं काम.

कुणी म्हणेल, पावती वाचायची नाही का? जरूर वाचावी. पण ती कार्बनची तिसरी प्रत असते, अक्षरं राखाडी, मागे रांग, आणि पुढचा पोरगा ‘नेक्स्ट’ म्हणून ओरडत असतो. घरी येऊन भिंग लावल्यावर दिसलं ते असं: मजकूर ‘गिफ्ट आर्टिकल’, जाहीर किंमत कोरी आणि ‘रिस्क’ या शब्दापुढच्या दोन चौकटींपैकी ‘ओनर’वर टिकमार्क. ‘कॅरिअर’ची चौकट रिकामी. या दोन चौकटी म्हणजेच सगळा खेळ आहे. ‘ओनर्स रिस्क’ म्हणजे हरवलं तर तुमचं नशीब. ‘कॅरिअर्स रिस्क’ला जाहीर किमतीवर जादा आकार लागतो, तो छापील पावतीत वेगळ्या रकान्यात दिसतो आणि त्यावर जीएसटीही पडतो. रोख घेतलेला, मागे हाताने लिहिलेला ‘विमा’ हा काउंटरवरच्याचा खिसा असतो. पॉलिसी किंवा सर्टिफिकेट नंबर हातात पडल्याशिवाय एक पैसा देऊ नका, आणि वस्तूचं खरं नाव लिहायला नकार दिला तर डबा उचलून बाहेर पडा.

पुडकं भिवंडीच्या हबला पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसलं. मग ‘मिसराउटेड’, म्हणजे चुकीच्या वाटेला लागलं. मग काहीच नाही. कस्टमर केअरची बाई रोज तेच गोड बोलायची, “सर, आम्ही एस्कलेट केलंय.” शेवटी मेल आला: शिपमेंट ट्रेस होत नाही, अटींप्रमाणे ५०० रुपये देण्यास कंपनी तयार आहे. १,२९० बद्दल विचारलं तर, “अशी रक्कम आमच्या सिस्टिमला नाही.” फ्रँचायझीवाला म्हणाला, कंपनीला विचारा. मग मात्र मी डोकं धरून बसलो.

टपालखात्याकडे गेलो असतो तर? हा प्रश्न घरात शंभरदा झालाय. पोस्टाच्या नियमात नाणी, नोटा, सोनंनाणं पाठवायचं तर विमा उतरवूनच पाठवावं लागतं. सीलबंद करून, अचूक वजन नोंदवून. कटकट आहे, पण तिथे निदान कागदावर ‘इन्शुअर्ड’ असं उमटतं. नुसतं स्पीडपोस्ट करून निवांत बसणाऱ्यांनी मात्र ऐका: विमा नसलेलं स्पीडपोस्ट हरवलं तर भरपाईचा नियम म्हणजे भरलेल्या आकाराच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. शंभर रुपये भरले असतील तर दोनशे मिळतील. तुमचं नाणं लाखाचं असलं तरी. आणि खऱ्या किमतीपेक्षा फुगवून विमा उतरवण्याची हुशारीही नको, तेवढ्यावरून दावा फेटाळला जाऊ शकतो.

नागपूरच्या माणसाला मी त्याचे ६४,५०० परत केले. त्याची काय चूक? व्यवहार ठरवतानाच वाटेतला धोका कुणाच्या डोक्यावर, हे व्हॉट्सॲपवर एका ओळीत लिहून घ्या. आमचं काही ठरलं नव्हतं, म्हणून तो माझ्या डोक्यावर.

आणि रागाच्या भरात मी पावतीचा फोटो काढून सोशल मीडियावर टाकला. कंपनीला टॅग केलं. पावतीवर नंबर, नाव, मोबाइल, सगळं. संध्याकाळी फोन. “सर, आपला क्लेम पास झालाय.” पावती नंबर अचूक सांगितला, गिफ्ट आर्टिकल म्हणाला, नागपूर म्हणाला. मग कुणाचा विश्वास बसणार नाही? व्हॉट्सॲपवर ‘क्लेम फॉर्म’ आला, तो प्रत्यक्षात एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ९,९०० आणि ८,५००, दोन हप्त्यांत खात्यातून १८,४०० साफ. अशा वेळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करायचा असतो; मी आधी मुलाला केला, तो बंगळूरला मीटिंगमध्ये. बँकेने सांगितलं, ॲप तुम्ही स्वतः टाकलंत, जबाबदारी तुमची. पावतीचा फोटो जाहीर टाकू नका. टाकायचाच तर नंबर झाका.

आता पोलीस. ठाण्याचं नाव घेत नाही, तिथूनच रोज जायचं असतं. पहिला प्रश्न: हरवलं की चोरलं? मी म्हटलं, ते तुम्ही शोधायचं ना! “मग ही सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा.” भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये माल वाहून नेणाऱ्याने केलेल्या विश्वासघाताची वेगळी तरतूद आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मी छापून नेलं होतं. हवालदाराने तो कागद न वाचता चहाच्या कपाखाली ठेवला. मग साहेबांनी विचारलं, नाणी किती जुनी? शंभर वर्षांवरची म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. “लायसन्स आहे? म्हणजे पुरातन वस्तू विकताय तुम्ही. उलट तुमच्यावरच होईल.” १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा परवाना मागतो तो अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याकडे. वडिलांच्या संग्रहातले पाच रुपये विकणारा व्यापारी होतो का? पण हे त्यांना कोण सांगणार. तक्रार अर्ज घेतला, पोच दिली, एफआयआर नाही. सायबरचा अर्ज वेगळा द्या म्हणाले, वेगळ्या टेबलावर. दोन्ही टेबलांवरचा पंखा एकच होता आणि तोही बंद.

ग्राहक आयोगात कंपनीच्या वकिलांनी काय म्हणावं? नाणी विक्रीसाठी पाठवली, म्हणजे व्यापारी हेतू, म्हणजे हे गृहस्थ कायद्याने ‘ग्राहक’च नाहीत! पोलिसांच्या मते मी बिगरपरवाना व्यापारी, वकिलांच्या मते मी व्यापारी म्हणून दाद मागायला नालायक. १,२९० रुपये घेताना मात्र मी काका होतो. मुलाची फी भरायला विकली हे आता प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागलं, घरचे सगळे हिशेब चव्हाट्यावर.

वर त्यांनी १९९६ चा भारती निटिंग कंपनीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला. कुरिअरच्या कागदावर सही केली की त्यावरची नुकसानभरपाईची मर्यादा बांधते, असा त्याचा अर्थ. माझी सही? माझ्या पावतीवर माझी सहीच नाही, पोराने घेतलीच नाही! आळशीपणाने वाचवलेली ही एकमेव गोष्ट. म्हणून तुमच्याकडची प्रत जपा, झेरॉक्स काढून ठेवा, कार्बन कालांतराने पुसट होतो.

ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. रस्त्याने गेलेल्या मालासाठी २००७ च्या कायद्याखाली बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, ती मेलवर भागवू नका, पोच घेऊन द्या. कस्टमर केअरच्या गोड बोलण्यात हे दिवस सरतात, मला वाटतं त्यासाठीच ते गोड बोलतात.

किमतीचा पुरावा मागतील. वडिलांनी घेतलेल्या नाण्यांची बिलं कुणाकडे असतात? गिऱ्हाइकाचं पेमेंट, लिलावांत त्या जातीच्या नाण्यांना आलेले भाव, पाठवण्याआधीचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन काट्यावरचा फोटो, डबा बांधतानाचा सलग व्हिडिओ. माझ्याकडे फोटो होते, व्हिडिओ नव्हता. वकिलाने लगेच विचारलं, डब्यात नाणीच होती कशावरून?

नाणी कागदाच्या होल्डरमध्ये घालून पुठ्ठ्याला चिकटवा, डबा हलवला तर आवाज येता कामा नये. बाहेर काही लिहू नका. लॉट मोठा असेल तर स्वतः जाऊन द्या. सांगली-नागपूर रेल्वेचं तिकीट ६४,५०० पेक्षा नक्कीच स्वस्त आहे.

आयोगात तारखा चालू आहेत. त्या गाळ्यावर आता दुसऱ्या कंपनीची पाटी आहे, पोरगा तोच, मला बघून मोबाइलमध्ये डोकं घालतो.

नाणी कुणाच्या हाती आलीच तर ओळख सांगतो. १९११ च्या रुपयाचा ग्रेडिंग नंबर मी त्या ग्रेडिंग कंपनीला चोरीचा म्हणून कळवला आहे, पण प्लास्टिक फोडून विकला तर ‘वन रुपी’च्या खालच्या बाजूला काठाजवळ नखाएवढा जांभळट डाग आहे. बडोद्याच्या एका रुपयावर सयाजीरावांच्या पागोट्यामागे कधीकाळी दागिना करताना लावलेल्या कडीचं डाखाचं खरखरीत ठिकाण आहे, बोटाला लागतं. शिवरायांपैकी एकीवर ‘छत्र’मधला ‘छ’ अर्धाच उमटलाय. अशी दिसली तर विकणाऱ्याचा फोटो आणि पावती मागून घ्या आणि मला कळवा.