केसॅन: नेटवर्क ड्रायव्हरवर काम करत असाल तर हे चालू केल्याशिवाय टेस्टिंग करूच नका

आमचं काम वाळूज एमआयडीसीतल्या फॅक्टऱ्यांना लिनक्सवर चालणारे छोटे गेटवे द्यायचं, म्हणजे मशीनचा डेटा सिमकार्डवाल्या यूएसबी मोडेममधून सर्व्हरला पाठवायचा, बस. एका ठिकाणी गेटवे मधूनच हँग व्हायचा, लॉग बघावा तर प्रत्येक वेळी क्रॅश वेगळ्याच जागी, कधी फाइल सिस्टीममध्ये तर कधी नेटवर्कच्या टीसीपी कोडमध्ये, आणि ऑफिसात टेबलावर ठेवला की आठवडाभर काहीच होत नाही. तिथं शेजारी मोठं वेल्डिंग मशीन चालू झालं की व्होल्टेज पडायचं आणि मोडेम यूएसबीवरून सुटून परत जोडला जायचा, एवढाच काय तो धागा हाती होता.

मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, केसॅन चालू करून परत बिल्ड केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, केसॅन म्हणजे कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं टूल, हे आंद्रे र्‍याबिनिननी लिहिलं आणि २०१५ ला लिनक्स ४.० मध्ये आलं, फुकट आहे, कर्नलच्या कॉन्फिगमध्येच मिळतं. दर ८ बाइट मेमरीमागं १ बाइट सावलीसारखा बाजूला ठेवतं आणि त्यात लिहून ठेवतं की ही जागा वापरायला चालते का नाही, कंपायलर प्रत्येक वाचण्या-लिहिण्याच्या आधी ती तपासणी घालून देतो. फ्री केलेली मेमरीसुद्धा लगेच दुसऱ्याला देत नाही, काही वेळ क्वारंटाइनमध्ये ठेवतं, म्हणून रान विकून झाल्यावरही जुना मालक पेरायला आला की जागेवर सापडतो. केसॅन नसलेल्या कर्नलमध्ये तेवढ्यात नवीन मालकाचं पीक उभं राहिलेलं असतं, म्हणून तर क्रॅश भलत्याच जागी दिसतो.

आता रिपोर्ट कसा आला ते सांगतो कारण खरी मजा तिथं आहे. मोडेम सारखा काढ-घाल करायला एक रिले लावला आणि वरून ट्रॅफिक चालू ठेवलं, थोड्याच वेळात सिरीयल कन्सोलवर यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडलेली मेमरी परत वापरल्याचा रिपोर्ट, आला. त्यात तीन स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शननं कुणाला बोलावलं त्याच्या याद्या, असतात: आत्ता कुणी हात लावला, मेमरी कुणी घेतली होती, आणि कुणी सोडली. हात लावणारा होता केवर्कर (मागं टाकलेली कामं करणारा कर्नलचा थ्रेड), घेतलेली प्रोबमध्ये (मोडेम जोडल्यावर चालणारं फंक्शन), सोडलेली डिस्कनेक्टमधल्या (मोडेम सुटल्यावर चालणारं) फ्री_नेटडेव्हनी. आणि खाली आणखी एक स्टॅक, हे वर्क (मागून करायचं काम) रांगेत कुणी टाकलं ते, तर तो ड्रायव्हरचा स्टेटस टायमर निघाला! मोडेम बनवणाऱ्यांकडूनच आलेला ड्रायव्हर, त्याचा प्रायव्हेट डेटा नेटडिव्हाइसच्याच मेमरीत असतो, फ्री_नेटडेव्ह केलं की तोही गेला, पण टायमर वर्क टाकायचा आणि वर्क परत टायमर लावायचं, डिस्कनेक्टमध्ये मात्र टायमर काढायला नुसतं डेल_टायमर. ते दुसऱ्या कोअरवर आधीच चालू असलेल्या हँडलरसाठी थांबत नाही. थांबणारं सिंकवालं (डेल_टायमर_सिंक) वापरलं तरी पुरत नाही, कारण मागून वर्क येऊन टायमर परत लावून जातं. लिनक्स ६.२ पासून टायमर_शटडाऊन_सिंक आहे, त्यानंतर टायमर परत लागतच नाही, मग कॅन्सल_वर्क_सिंक, आणि सगळ्यात शेवटी फ्री. आमचा कर्नल ५.१५, त्यात हे नाही, म्हणून बंद होतोय असा फ्लॅग ठेवला, टायमर आणि वर्क दोन्हीकडं तपासला, आणि टायमर-वर्क-टायमर असं तिन्ही थांबवून मगच फ्री केलं. हँग गेला.

तोटेही सांगतो. स्लो होतं, चांगलंच स्लो. आणि आठवा हिस्सा रॅम सावलीलाच जाते, म्हणजे २५६ एमबीच्या बोर्डावर ३२ एमबी गेलीच, क्वारंटाइन वेगळं. कस्टमरकडं हे पाठवू नका, तिथं केफेन्स लावा, तसल्याच मेमरीच्या चुका पकडणारं हलकं टूल, ५.१२ मध्ये आलंय, थोड्याच ऑब्जेक्टवर लक्ष ठेवतं म्हणून मशीनला जड जात नाही, फक्त सापडायला वेळ लागतो. अजून एक, डिफॉल्टला केसॅन पहिलाच रिपोर्ट छापतं आणि गप्प बसतं, पुढचे पण पाहिजे असतील तर बूट लाइनमध्ये केसॅन_मल्टी_शॉट टाका.

बरेच जण म्हणायलेत की केसॅन आहे तर रेस (दोन थ्रेड एकाच वेळी एकाच डेटाला हात घालतात ती) पण सापडते. नाही सापडत! रेस झाली आणि त्यातून मेलेल्या मेमरीला हात लागला तरच ते बोलतं. २०१६ चा एएफ_पॅकेटमधला (कच्ची नेटवर्क पाकिटं वाचणारे सॉकेट) बग आठवा, सीव्हीई-२०१६-८६५५, एक थ्रेड पाकिटांचा बफर (रिंग) सेट करतोय आणि दुसरा त्याच वेळी सॉकेटचं व्हर्जन बदलतोय, २०११ पासून कोडमध्ये पडून होता आणि त्यातून साधा युजर रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, होऊ शकत होता. असल्या गोष्टींसाठी केसीसॅन आहे, रेस शोधणारं टूल, ५.८ पासून. एका अ‍ॅक्सेसवर पहारा बसवून काही मायक्रोसेकंद थांबतं आणि दुसरा कुणी मधे घुसतो का बघतं. पण त्याचे रिपोर्ट लई येतात, पुष्कळसे आकडेवारीच्या काउंटरवरचे, आणि इथं पोरं सरळ रीड_वन्स-राइट_वन्स (कंपायलरला वाचणं-लिहिणं एकदाच कर सांगणारे मॅक्रो) चिकटवून रिपोर्ट गप्प करतात. तसं करू नका हो, त्यानं लॉक लागत नाही का ऑब्जेक्ट जिवंत राहत नाही. आधी बघा पॉइंटर कुणाच्या भरवशावर जिवंत आहे, आरसीयूच्या (वाचणारे संपेपर्यंत मेमरी सोडू न देणारी सोय), लॉकच्या का रेफकाउंटच्या (किती जण वापरतायत तो आकडा).

आणि अनरजिस्टर_नेटडिव्हाइस वेटिंग फॉर, युसेज काउंट इज १, असं कन्सोलवर येत राहत असेल तर केसॅन काहीच बोलणार नाही, कारण तिथं उलटं झालेलं असतं, कुणीतरी रेफरन्स घेतला आणि सोडलाच नाही. त्याला ५.१७ पासूनचा रेफ ट्रॅकर चालू करा, तो रेफरन्स घेणाऱ्याचा स्टॅकच दाखवतो.

केसॅनला माझ्याकडून पाचपैकी पाच, केसीसॅनला साडेतीन. रिलेवाल्या टेस्टचा स्क्रिप्ट कुणाला पाहिजे असेल तर खाली सांगा, टाकतो.