बोराकाय की माया बे : सावरणाऱ्या दोन किनाऱ्यांपैकी कोणता निवडावा

२०१८ या एकाच वर्षी आग्नेय आशियातील दोन जगप्रसिद्ध पुळणी पर्यटकांना बंद झाल्या. फिलिपिन्सच्या आक्लान प्रांतातील बोराकाय हे बेट २६ एप्रिलला बंद झाले आणि बरोबर सहा महिन्यांनी, २६ ऑक्टोबरला, पुन्हा उघडले. थायलंडच्या क्राबी प्रांतातील फी फी ले या बेटावरची माया बे ही पुळण १ जूनला बंद झाली; ही बंदी सुरुवातीला चारच महिन्यांची होती, पण प्रवाळाची अवस्था पाहून ती लांबत गेली आणि पर्यटकांचे पाऊल तिथे पुन्हा पडले ते थेट जानेवारी २०२२ मध्ये. आज दोन्ही ठिकाणी जाता येते, दोन्हींची छायाचित्रे सारखीच मोहात पाडतात, आणि सुट्टीचा बेत आखताना अनेकांची या दोन नावांमध्ये चलबिचल होते. वाळूची शुभ्रता किंवा पाण्याचा रंग पाहून ही निवड करू नये असे मला वाटते, कारण त्या बाबतीत दोन्ही किनारे तोलामोलाचे आहेत. खरा फरक त्यांच्यावर झालेल्या उपचारांत आहे. बोराकायवर माणसांची वस्ती आहे, म्हणून तिथे सांडपाण्याची व्यवस्था सुधारून पाहुण्यांना पुन्हा राहायला बोलावले गेले. माया बे निर्मनुष्य आहे, म्हणून तिथे निसर्गाला जागा मोकळी करून दिली गेली आणि पाहुण्यांना थोडा वेळ काठावर उभे राहण्याची मुभा मिळाली. एकीकडे मुक्काम आहे, दुसरीकडे दर्शन.

बोराकायचा आजार गटारातून आला होता. जेमतेम दहा चौरस किलोमीटरच्या आणि मध्यभागी एक किलोमीटरही रुंद नसलेल्या या बेटावर २०१७ मध्ये सुमारे वीस लाख पाहुणे आले. पश्चिमेकडची चार किलोमीटर लांबीची व्हाइट बीच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, मात्र पूर्वेकडच्या बुलाबोग किनाऱ्यावर काय येऊन मिळते आहे याची फारशी कोणाला फिकीर नव्हती. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी टाकलेल्या वाहिन्यांना अनेक ठिकाणी मैलापाण्याच्या चोरट्या जोडण्या दिल्या गेल्या होत्या आणि ते पाणी प्रक्रिया न होताच समुद्रात उतरत होते. पूर्वी ज्या पाणथळ जागांमध्ये असे पाणी मुरले असते, त्या जागांवरही बांधकामे उभी राहिली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी बेटाला जाहीरपणे मैल्याचा खड्डा म्हटले आणि दोनच महिन्यांत ते बंद केले. या बंदीला न्यायालयात आव्हान दिले गेले, परंतु फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ती वैध ठरवली. बंदी आवश्यक होती याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही त्या सहा महिन्यांचा सर्वांत मोठा भार हातावर पोट असलेल्या हजारो कामगारांनी सोसला, आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

माया बेचे दुखणे वेगळे होते. तिथे हॉटेल नाही, घर नाही, गटारही नाही. चुनखडीच्या उभ्या कड्यांच्या खोबणीत वसलेली ही पुळण जेमतेम अडीचशे मीटर लांब आहे. २००० साली प्रदर्शित झालेल्या एका हॉलिवूडपटाचे चित्रीकरण येथे झाले आणि ती जगाच्या नकाशावर आली. त्या चित्रीकरणासाठी वाळूच्या टेकड्या सपाट करून माड लावले गेले होते, आणि त्यावरून उभा राहिलेला खटला पुढे कित्येक वर्षे चालला. परंतु त्याहून मोठे नुकसान नंतरच्या गर्दीने केले. बंद होण्यापूर्वी दिवसाला पाच-सहा हजार माणसे या चिंचोळ्या किनाऱ्यावर उतरत होती आणि त्यांना आणणाऱ्या स्पीडबोटी थेट प्रवाळावर नांगर टाकत होत्या. वर्षाला काही सेंटिमीटर वाढणाऱ्या प्रवाळाच्या फांदीला नांगराचा एक फटका पुरतो. अशा नांगरांची रोज रांग लागत असेल तर उरणार काय?

येथील उपचार कडक आहेत आणि ते पाहुण्याला पदोपदी जाणवतात. बोटींना आता पुळणीच्या बाजूने आत शिरता येत नाही. त्या बेटाच्या पाठीमागच्या लो समा या बाजूच्या धक्क्याला लागतात आणि तिथून जमिनीपासून उंच उचललेल्या लाकडी पायवाटेने, झाडीतून चालत पुळणीवर यावे लागते. पुन्हा उघडताना एका वेळी ३७५ माणसे आणि प्रत्येक तुकडीला एक तास अशी मर्यादा घातली गेली. पोहण्यास बंदी आहे. काठाच्या उथळ पाण्यात पाय भिजवता येतात, तेवढेच. शिवाय दर वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने माया बे पूर्ण बंद ठेवली जाते. परदेशी प्रौढांना राष्ट्रीय उद्यानाचे ४०० बात शुल्क द्यावे लागते, आणि ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेटसारखी प्रवाळाला घातक रसायने असलेले सनस्क्रीन थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून निषिद्ध आहे. त्यासाठी दंड एक लाख बातपर्यंत होऊ शकतो.

हे सारे वाचून मन खट्टू होण्याचा संभव आहे. पण बंदीचे कारण पाण्याकडे पाहिले की कळते. माणसे गेल्यावर माया बेच्या उथळ पाण्यात ब्लॅकटिप रीफ शार्क परतले. ही जात लाजाळू आहे, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, आणि तिची पिल्ले मोठ्या माशांपासून वाचण्यासाठी अगदी गुडघाभर पाण्यात वावरतात. स्थिर उभे राहून पाहिले तर प्रथम वाळूवरून सरकणारी सावली दिसते, मग हातभर लांबीचे फिकट तपकिरी अंग आणि पाठीवरच्या पराचे शाईत बुडवल्यासारखे काळे टोक. लाट ओसरताना ते टोक क्षणभर पाण्याबाहेर येते आणि पिल्लू काठाला समांतर वळून निघून जाते. ज्या पट्ट्यात माणसे पोहत असत, तोच या पिल्लांचा पट्टा आहे. दोघांना एकाच वेळी तिथे जागा नाही, आणि येथे पिल्लांच्या बाजूने निर्णय झाला आहे. तो मला पूर्णपणे योग्य वाटतो.

बोराकायचे नियम याउलट राहणाऱ्या माणसाला नजरेसमोर ठेवून केलेले आहेत. पर्यावरण खात्याने फिलिपिन्स विद्यापीठाच्या लोस बान्योस शाखेतील तज्ज्ञांकडून बेटाची धारणक्षमता ठरवून घेतली : एका वेळी बेटावर ५५ हजार माणसे, त्यांपैकी १९,२१५ पर्यटक, आणि दिवसाला ६,४०५ नवे पाहुणे. मान्यताप्राप्त हॉटेलचे आरक्षण दाखवल्याशिवाय बेटावर जाता येत नाही. मोठ्या हॉटेलांना स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारणे सक्तीचे झाले. पाण्याच्या रेषेपासून तीस मीटरच्या पट्ट्यातील बांधकामे हटवली गेली. पुळणीवर मद्यपान आणि धूम्रपान बंद झाले, मेजवान्या थांबल्या, आणि धूर ओकणाऱ्या तीनचाकींच्या जागी विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या.

या नियमांचे फळ संध्याकाळी व्हाइट बीचवर दिसते. ही वाळू प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे, त्यामुळे दिवसभराच्या उन्हानंतरही ती पायाला भाजत नाही. हातात घेतली तर पिठासारखी बोटांतून निसटते. खुर्च्या, छत्र्या आणि मेजे यांची पूर्वीची रांग नाहीशी झाल्याने माडांच्या ओळीपासून पाण्यापर्यंतचा पट्टा सलग मोकळा आहे आणि लहान मुले त्यावर आडवीतिडवी धावत असतात. समोर दोन्ही बाजूंना उलांडी असलेल्या पाराव नावाच्या शिडाच्या होड्या सूर्यास्ताकडे तोंड करून निघतात. खाणेपिणे आणि संगीत आहे, पण ते माडांच्या मागे. किनाऱ्याचे स्टेशन एक, दोन आणि तीन असे जे भाग पाडले जातात, ती नावे होड्या थेट वाळूवर लागत असत त्या काळातील आहेत. पहिल्या भागातील वाळू सर्वांत मऊ आणि हॉटेले सर्वांत महाग, दुसरा गजबजलेला, तिसरा तुलनेने शांत आणि परवडणारा. प्रथमच जाणाऱ्याने तिसरा निवडावा असे मी सुचवेन. वाळूत चालत पहिल्यापर्यंत जाता येते.

आता दोन्हींच्या उण्या बाजू. बोराकायची दैनंदिन मर्यादा गर्दीचे शिखर छाटते, एकूण गर्दी कमी करत नाही. ६,४०५ ला ३६५ ने गुणले तर तेवीस लाखांहून अधिक माणसे होतात, म्हणजे २०१७ च्या आकड्यापेक्षाही जास्त. आणि २०१९ तसेच २०२३ मध्ये वार्षिक संख्या पुन्हा वीस लाखांच्या वर गेलीच. २०२२ च्या ईस्टरपूर्व पवित्र सप्ताहात तर दैनंदिन मर्यादाही ओलांडली गेली. तेव्हा बेट बरे झाले आहे असे म्हणण्यापेक्षा त्याची पचनशक्ती वाढवली आहे असे म्हणणे अधिक अचूक ठरेल, आणि ती शक्ती प्रक्रिया केंद्रे नीट चालतात की नाही यावर अवलंबून आहे. दुसरी उणीव अधिक बोचणारी आहे. बेटाचे मूळ रहिवासी असलेल्या आती समाजाला नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने सुमारे ३.२ हेक्टर जमिनीची मालकीपत्रे समारंभपूर्वक दिली. पुढे खासगी दावेदारांच्या अर्जांवरून ती रद्द ठरवली गेली आणि २०२४ मध्ये त्यांच्या जमिनीच्या काही भागाला कुंपण पडले. बेट सावरले असे म्हणताना या कुटुंबांची गणना त्यात होत नसेल, तर तो हिशेब अपुरा आहे.

माया बेचा हिशेब वेगळ्या अर्थाने अपुरा आहे. तिथे रात्र काढता येत नाही, म्हणून तिथे जाणारा प्रत्येक जण फुकेट, क्राबी किंवा शेजारच्या फी फी डॉनवर झोपतो. फी फी डॉन हे दोन डोंगरांना जोडणाऱ्या वाळूच्या अरुंद पट्टीवर वसलेले बेट असून २००४ च्या त्सुनामीने ती पट्टी जवळजवळ धुऊन नेली होती. तिथे मोटारी नाहीत, गोड पाणी मोजके आहे आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पाणीटंचाईने बेटाला चांगलेच पोळले. माया बेच्या निळ्या पाण्याची किंमत काही प्रमाणात या शेजाऱ्याकडून वसूल होते. फक्त ती छायाचित्रात दिसत नाही. शिवाय अडीचशे मीटरच्या पुळणीवर ३७५ माणसे म्हणजे मीटरमागे दीड माणूस. एकांताची अपेक्षा ठेवून गेल्यास निराशा ठरलेली आहे.

निर्णय करताना सोबत कोण आहे हे आधी पाहावे. लहान मुले किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील तर माझे मत निःसंदिग्धपणे बोराकायच्या बाजूने आहे. बेटासमोरच्या कातिक्लानच्या विमानतळापासून धक्का जवळ आहे, होडीचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा आहे आणि उतरल्यावर विजेची गाडी हॉटेलच्या दिशेने नेते. कालिबोच्या विमानतळावर उतरल्यास मात्र रस्त्याने आणखी दीड-दोन तास धरावे लागतात. व्हाइट बीच बरीच आतपर्यंत उथळ आहे, आणि मुलांना समुद्रावर नेऊन पाण्यात उतरू न देणे हे अवघडच. माया बेला फुकेट किंवा क्राबीहून स्पीडबोटीने जाताना लाटांवर चांगलेच आदळत जावे लागते, पाठीचे दुखणे असलेल्यांनी ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी. ज्यांना शार्क, प्रवाळ आणि कडे पाहायचे आहेत आणि पाहणे हेच ज्यांना पुरेसे आहे, त्यांच्यासाठी माया बेचा तो एक तास बोराकायच्या चार दिवसांना भारी पडू शकतो. केवळ माया बेसाठी वेगळा परदेश प्रवास आखावा असे मला वाटत नाही; अंदमान समुद्राच्या बाजूला आधीच जाणे होणार असेल तर एक रात्र फी फी डॉनवर काढून, पहाटेच्या लांब शेपटाच्या होडीने सकाळच्या पहिल्या तुकडीत पोहोचावे. फुकेटहून निघणाऱ्या बोटींची गर्दी त्यानंतर सुरू होते.

हंगामाने हा प्रश्न कधी कधी आपोआप सुटतो. नोव्हेंबर ते एप्रिल दोन्हीकडे कोरडे हवामान असते, मात्र साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत बोराकायच्या व्हाइट बीचच्या काठाला हिरवे शेवाळ लागते; ते त्रासदायक नसले तरी छायाचित्रातील स्वच्छ किनारा मनात ठेवून गेलेल्यांना खटकते. ईशान्येचे वारे वाहत असताना पूर्वेकडचा बुलाबोग किनारा पतंगाच्या साहाय्याने लाटांवर सरकणाऱ्या खेळाडूंनी भरून जातो आणि पश्चिम बाजू शांत असते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वारा उलटतो, व्हाइट बीचवर लाटा आपटू लागतात, आणि होड्याही कागबान या बेटाच्या नेहमीच्या धक्क्याऐवजी तांबिसान या दुसऱ्या धक्क्याला लावल्या जातात. सुट्टी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच मिळत असेल तर माया बेचा विचार सोडावा लागतो, आणि बोराकायला जायचे ठरलेच तर पोहण्यासाठी पूर्वेकडच्या किनाऱ्याजवळची जागा पाहावी, जी त्या महिन्यांत वाऱ्याच्या आडोशाला असते.