'मॅक्स टो' म्हणून गळ्यात मारलेला ट्रक

आधीच सांगतो, गाडी खराब नव्हती. इंजिन ठणठणीत, कारफॅक्स (गाडीच्या इतिहासाचा रिपोर्ट) क्लीन, टायटल म्हणजे मालकीचे कागद क्लीन, वर पैसे देऊन मेकॅनिककडून तपासून पण घेतली होती. तरी फसलो. कसा ते सगळं लिहितोय कारण इथे डॅलसच्या आसपास आपल्यातले बरेच जण सध्या कॅम्पिंग ट्रेलरच्या मागे लागलेत आणि मागच्या महिन्यात दोघांनी मला विचारलं की "अरे तुझ्याकडे ट्रक आहे ना, कुठला घेऊ?"

२०२२ च्या मार्चमधली गोष्ट. ट्रेलर आधीच घेऊन बसलो होतो, ३० फुटी, सेकंडहँड, एका रिटायर्ड जोडप्याकडून (ते लोक अगदी देवमाणसं, त्यांचा यात काही संबंध नाही). ही पहिली चूक, बैल बघायच्या आधी गाडा घेतला. ट्रेलरच्या ब्रोशरवर ड्राय वेट (पाणी-सामान काही न भरता रिकाम्या ट्रेलरचं वजन) ६,६०० पाउंड, म्हणजे साधारण ३,००० किलो. मग ट्रक शोधायला लागलो. त्या वर्षी जुन्या गाड्यांचे भाव कसे पेटले होते ते ज्याने घेतली त्यालाच माहिती, चांगला पिकअप सकाळी लिस्ट झाला की संध्याकाळी गेलेला असायचा.

एका छोट्या यूज्ड कार लॉटवर २०१७ चा हाफ-टन (पिकअपमधला हलका वर्ग) मिळाला, चार दारांचा, फोर बाय फोर, ६८ हजार मैल, ३३,५०० डॉलर. गाडीच्या कंपनीचं नाव घेत नाही कारण दोष कंपनीचा नाहीच. लिस्टिंगमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'मॅक्स टो पॅकेज, ११,००० पाउंड ओढतो', म्हणजे जास्त वजन ओढायला कंपनीनेच तयार केलेला. जाऊन बघितलं तर मागे नवाकोरा हिच (ट्रेलर जोडायचा हुक), ट्रेलरच्या वायरींचं सेव्हन-पिनचं सॉकेट, डॅशबोर्डखाली ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर, बाजूला ते लांब कानांचे टोइंग मिरर. बघूनच वाटावं की हा जन्मापासून ट्रेलर ओढत आलाय. सेल्समन गोड. काहीही विचारा, उत्तरात एक आकडा. मी विचारलं, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (हुकावरचा भार पुढच्या चाकांवरही वाटून देणारा) लागेल का, तर म्हणाला ११ हजारांच्या ट्रकला साडेसहा हजार म्हणजे काहीच नाही, त्याची गरज कमी ताकदीच्या ट्रकांना. वर बॉल माउंट फुकट दिला. फुकट म्हटल्यावर आपण पाघळतोच.

ड्रायव्हरचं दार उघडलं की आतल्या खांबावर एक पिवळी पट्टी असलेलं पांढरं स्टिकर असतं, टायरच्या हवेचं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर कधीही जाऊ नये. तोच त्या एका विशिष्ट गाडीचा पेलोड, ब्रोशरमधला नाही, तुमच्या समोर उभ्या असलेल्या गाडीचा. या ट्रकवर ते स्टिकर नव्हतं. जागा रिकामी आणि गोंदाचा चिकट डाग. मी विचारलं सुद्धा! "डिटेलिंगवाल्यांनी रगडून धुताना निघालं असेल," म्हणाला. आणि मी मान डोलावली. माझ्या मेकॅनिकने पण काही म्हटलं नाही, पण त्याला तरी काय दोष देणार, मी त्याला गाडी चालते का ते बघायला सांगितलं होतं, आठ हजार पाउंड ओढेल का ते नाही.

सही करताना काचेवरच्या बायर्स गाइडवर 'ॲज इज' (आहे तशी) ला टिक होती. त्याच कागदावर छापलेलं असतं की तोंडी आश्वासनं अंमलात आणणं कठीण, सगळं लेखी घ्या. मी वाचलं नाही. बायकोने मात्र लिस्टिंगचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, नुसतं सासूबाईंना दाखवायला म्हणून.

एप्रिल-मेमध्ये दोनदा लेक टेक्सोमाला जाऊन आलो, जवळचा आणि बऱ्यापैकी सपाट रस्ता, पाण्याची टाकी रिकामी, काही जाणवलं नाही. जुलैमध्ये कोलोरॅडोला निघालो, यूएस-२८७ वरून अमरिलो, मग रॅटन पासचा घाट असा बेत. यावेळी भरलेली टाकी (४० गॅलन म्हणजेच सव्वातीनशे पाउंड, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात), किराणा, सायकली, जनरेटर, दोन मुलं. चाइल्ड्रेसच्या पुढे पॅनहँडलचा (टेक्सासच्या उत्तर टोकाचा) आडवा वारा सुरू झाला आणि प्रत्येक सेमी ट्रक बाजूने गेला की आधी ट्रेलर ढकलला जायचा, मग आत ओढला जायचा. स्टिअरिंग इतकं हलकं की जणू पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकलीत. एकदा ट्रेलर असा डोलायला लागला की आरशात तो एकदा डावीकडे दिसतोय, एकदा उजवीकडे. ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही एवढं कुठेतरी वाचलेलं आठवलं, ॲक्सिलेटर सोडला आणि ब्रेक कंट्रोलरचा हाताचा लिव्हर दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले, तेव्हा तो सरळ झाला. मागे मुलगी रडत होती. मी ४५ च्या स्पीडने अमरिलो गाठलं.

तिथे एका ट्रक स्टॉपवर गाडी बाजूला लावून सांगलीला अण्णांना फोन केला, का केला माहीत नाही, भीती वाटली की करतो. त्यांनी उभ्या जन्मात कॅम्पिंग ट्रेलर पाहिलेला नाही पण उसाच्या ट्रॉल्या चाळीस वर्षं ओढल्यात. त्यांचा पहिला प्रश्न, "तोंड उचललंय का?" हंगामात तुम्ही बघितलं असेल, ट्रॉलीत ऊस जास्त झाला की ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत जातात आणि पोरं बॉनेटवर बसून त्याला खाली धरतात. मी लांब जाऊन बघितलं. ट्रकचं तोंड वर, ढुंगण खाली. "मग काट्यावर घाल की," अण्णा म्हणाले.

ट्रक स्टॉपला कॅट स्केल म्हणून वजनकाटा असतो, पंधराएक डॉलरमध्ये प्रत्येक एक्सलचं वेगळं वजन छापून देतात. आधी ट्रेलरसकट, मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक. नुसत्या ट्रकचं पुढे ३,२८०, मागे ३,०४०. ट्रेलर जोडल्यावर पुढे २,८८०, मागे ४,४२०, ट्रेलरच्या एक्सलांवर ६,७८०. म्हणजे पुढच्या चाकांवरचं ४०० पाउंड वजन उचललं गेलं होतं, त्यावरच तर आपण गाडी वळवतो. हुकावरचा भार ९८० आणि ट्रेलरचं खरं वजन ७,७६०, कुठे ते ब्रोशरमधले ६,६००. दाराजवळ दुसरं एक स्टिकर शाबूत होतं, ते मी आयुष्यात पहिल्यांदा टॉर्च लावून वाचलं, मागच्या एक्सलची मर्यादा ३,९५०, पूर्ण ट्रकची ७,२००. मी दोन्हीच्या वर. रॅटन पास ७,८३४ फुटांवर आहे आणि हे सगळं घेऊन मी तो चढून उतरणार होतो.

दुसऱ्या दिवशी अमरिलोतच त्या कंपनीच्या अधिकृत डीलरच्या पार्ट्स काउंटरवर व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) दिला. काउंटरवरच्या बाईने फॅक्टरीचं ऑप्शन शीट छापून दिलं. मॅक्स टो सोडा, साधं टो पॅकेज पण नव्हतं. मागचा एक्सल रेशो (मागच्या एक्सलमधल्या गिअरचं प्रमाण, आकडा मोठा तितका ओढायला चांगला) ३.०८, हायवेला पेट्रोल वाचवणारा, आणि मॅन्युअलप्रमाणे ट्रक अधिक ट्रेलर मिळून मर्यादा १२,०००. माझा काटा सांगत होता १४,०८०. हिच, सॉकेट, कंट्रोलर, मिरर सगळं बाहेरून आणून बसवलेलं. ही मेकअप केलेली नवरी होती आणि पिवळं स्टिकर धुताना निघालेलं नव्हतं, हे माझं मत, सिद्ध करता येणार नाही.

ट्रेलर तिथेच स्टोरेजमध्ये टाकून परत आलो, नंतर मित्राने त्याच्या थ्री-क्वार्टर-टनने (हाफ-टनच्या वरचा दणकट वर्ग) तो आणून दिला. लॉटवर गेलो तर गोड सेल्समनचा सूर बदललेला, "ॲज इज आहे, सही आहे." आता हे नीट वाचा. ॲज इज म्हणजे गाडी बिघडली तर तुमची जबाबदारी. पण जे नाही ते आहे म्हणून जाहिरात करणं ही वेगळी गोष्ट, त्याला टेक्सासमध्ये १९७३ पासून डिसेप्टिव्ह ट्रेड प्रॅक्टिसेस ॲक्ट आहे. केस करायच्या आधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि २० हजार डॉलरपर्यंतचा दावा जस्टिस कोर्टात करता येतो. वकिलाला एकदाच पैसे देऊन नोटीस लिहून घेतली, सोबत ऑप्शन शीट, काट्याच्या पावत्या आणि बायकोचे स्क्रीनशॉट. लिस्टिंग तोपर्यंत त्यांनी कधीच उडवलं होतं, स्क्रीनशॉट नसते तर मी हात चोळत बसलो असतो. ५० व्या दिवशी फोन आला आणि घासाघीस करून ३,००० डॉलर परत मिळाले. वकील, स्टोरेज, रद्द झालेली बुकिंग हे सगळं धरलं तर नुकसानच, पण कोर्टाच्या चकरा मारायची माझी ताकद नव्हती. लढायला हवं होतं असं बायको अजून म्हणते.

तर दोघांनाही मी हेच सांगितलं की ट्रक बघायला जायच्या आधी विकणाऱ्याकडून दोन फोटो मागवा, पिवळ्या स्टिकरचा आणि व्हीआयएनचा. जीएमच्या जुन्या हाफ-टनांत ग्लोव्हबॉक्समध्ये तीन अक्षरी कोडांचं स्टिकर असतं, त्यात एक्सल रेशोचा कोड जीटी४ म्हणजे ३.७३, जीयू६ म्हणजे ३.४२ आणि जीयू४ म्हणजे ३.०८. फोर्डचा एक्सल कोड दाराजवळच्या स्टिकरवरच सापडतो. हिशोब करताना ट्रेलरचं ड्राय वेट धरूच नका, त्याच्या स्टिकरवरची जास्तीत जास्त मर्यादा धरा, त्याच्या १२-१३ टक्के हुकावर येतं, त्यात घरची माणसं आणि सायकली मिळवा. माझ्यासारख्या ट्रेलरला बहुतेक हाफ-टन ओढण्यात नाही, पेलोडमध्येच नापास होतात. दुसरा ट्रक घेताना मी नऊ जणांकडे फोटो मागितले, चौघांनी पाठवले, एकाने तर चिडून विचारलं की गाडी घ्यायचीय की स्टिकर.

जुना ट्रक एका प्लंबरला विकला, ट्रेलर ओढायचा नाही हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि ऑप्शन शीट ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवून दिलं. कोलोरॅडोला पुढच्या वर्षी गेलो. अमरिलोला नवा ट्रक परत काट्यावर घातला, पुढच्या चाकांवरचं वजन या वेळी जाग्यावर होतं, पावतीचा फोटो अण्णांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "काटा बरोबर आहे ना तो? आमच्या कारखान्यासारखा नाही ना?"