पाच दांड्यांचा उष्णतावहन संच: क्रम अचूक, आकडे फसवे

मध्यभागी पितळेची चकती आणि तिला जोडलेल्या तांबं, अ‍ॅल्युमिनियम, पितळ, साधं पोलाद आणि स्टेनलेस स्टीलच्या 15 सेंटीमीटर लांबीच्या दांड्या. प्रत्येक टोकाच्या खळग्यात मेणाने टाचणी चिकटवायची, चकती तापवायची आणि टाचण्या पडण्याचा क्रम पाहायचा. वर्गात दाखवायला हा संच उत्तम आहे, मात्र सोबतची पुस्तिका एका जागी साफ चुकते.

टाचणी पडायला लागलेल्या वेळेवरून वाहकतेचं, म्हणजे धातू उष्णता किती सहज वाहून नेतो त्याचं, गुणोत्तर काढा, असं पुस्तिका सांगते. ते निघत नाही. तांब्याची वाहकता सुमारे 400 वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, अ‍ॅल्युमिनियमची सुमारे 237, म्हणजे जवळपास पावणेदोन पट फरक. प्रत्यक्षात दोन्ही टाचण्या थोड्याच अंतराने पडतात. कारण दांडी आधी स्वतः तापावी लागते, आणि तेवढ्याच आकाराचं तांबं तितकंच तापवायला अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सुमारे 1.4 पट उष्णता लागते. घड्याळ वाहकता आणि ही उष्णताधारकता, दोन्ही एकत्र मोजतं.

वाहकताच हवी असेल तर अठराव्या शतकातले डच शास्त्रज्ञ यान इंगेनहाउझ यांची रीत वापरा. सर्व दांड्यांवर मेणाचा पातळ थर द्या आणि वितळण्याची सीमा पुढे सरकायची थांबेपर्यंत वाट पाहा. जाडी आणि पृष्ठभाग सारखे असतील तर वितळलेल्या लांबींच्या वर्गांचं गुणोत्तर हेच वाहकतांचं गुणोत्तर. इथे या संचाची लांबी तोकडी पडते. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमवरचं मेण थेट टोकापर्यंत वितळतं, मग मोजायचं काय? दांड्या 30 सेंटीमीटरच्या हव्या होत्या.

स्टेनलेस स्टीलची टाचणी पडली नाही म्हणून संच परत पाठवू नका. त्याची वाहकता जेमतेम 15 आहे. टोकाला पोचण्याआधीच उष्णता हवेत निघून जाते. अशा वेळी ज्योत मोठी करण्याचा मोह होतो, आणि तिथेच प्रयोग बिघडतो: गरम वायू दांड्यांना खालून चाटत जातात आणि मेण वहनाने वितळलं की झोताने, हे कळत नाही. ज्योत लहान, चकतीच्या बरोबर मध्याखाली ठेवा. भोवती पत्र्याचा आडोसा केला तर आणखी चांगलं.

विकत घेताना सांधे हलवून पाहा, बाकी सगळं नंतर. हवेची वाहकता फक्त 0.026 आहे. सांध्यात 0.1 मिलिमीटर हवेचा थर राहिला तर तो दीड मीटर तांब्याइतका अडथळा करतो, म्हणजे दांडीच्याच दहापट! तांब्याची टाचणी पितळेच्या मागून पडली तर दोष धातूत नसून सांध्यात असतो. दांडी सोडवून टोक पॉलिश पेपरने घासा, उष्णतावाहक पेस्टचा पातळ हात द्या आणि स्क्रू पुन्हा घट्ट करा. रिबीट ठोकलेला संच असा दुरुस्त होत नाही, म्हणून स्क्रूचाच घ्या.

मेण प्रत्येक खळग्यात मोजून दोन थेंब, एकाच मेणबत्तीचं. मेणबत्त्यांची वेगवेगळी मेणं साधारण 50 ते 65 अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेही वितळतात. पुढच्या फेरीआधी चकती हाताला पूर्ण थंड लागली पाहिजे.

जोडीला येणारी काचेची दांडी ज्योतीत धरू नका, तडकते. ती आणि लाकडी दांडी गरम पाण्यात उभी करूनच दाखवा.