वृत्तसंस्थांना कर्ज देणारा फंड : एक परीक्षण

स्वतंत्र वृत्तपत्राचा आवाज बंद करण्यासाठी संपादकाला तुरुंगात टाकावेच लागते असे नाही. सरकारी जाहिराती थांबल्या, छापखान्याने करार मोडला आणि स्थानिक बँकेने खेळत्या भांडवलासाठी हात आखडता घेतला, की बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते. मीडिया डेव्हलपमेंट इन्व्हेस्टमेंट फंड ही ना-नफा संस्था नेमकी या ठिकाणी सेवा देते. बेलग्रेडच्या बी९२ या रेडिओ केंद्राचे माजी मुख्य संपादक साशा वुचिनिच आणि अमेरिकी पत्रकार स्टुअर्ट ऑअरबाख यांनी १९९५ मध्ये तिची स्थापना केली. आरंभीचे पाठबळ जॉर्ज सोरोस यांच्या प्रतिष्ठानाचे होते. ज्या देशांत पत्रकारितेवर दबाव आहे तेथील वृत्तसंस्थांना परवडणाऱ्या अटींवर कर्ज द्यायचे किंवा त्यांच्यात भागभांडवल गुंतवायचे, आणि जोडीला हिशेब, वितरण व जाहिरात विक्री यांबाबत सल्ला द्यायचा, असे तिच्या कामाचे स्वरूप आहे.

देणगीऐवजी कर्ज ही कल्पना पहिल्यांदा ऐकताना कठोर वाटते, पण मला ती या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. देणगी एखाद्या प्रकल्पासाठी मिळते आणि प्रकल्प संपला की आटते. शिवाय ती देणाऱ्याच्या देशातील राजकारणाशी बांधलेली असते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत गोठवली, तेव्हा युक्रेनपासून लॅटिन अमेरिकेपर्यंत अनेक वृत्तकक्षांना पगाराची चिंता पडली, ती याच कारणाने. कर्ज फेडायचे असल्याने उत्पन्न कोठून येते आणि वाचक पैसे का देईल, हे प्रश्न संपादकांना टाळता येत नाहीत.

मलेशियाकिनी हे या फंडाच्या गुंतवणुकीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. मलेशियात छापील वृत्तपत्रांवर परवान्याची पकड असताना १९९९ मध्ये स्टीव्हन गान आणि प्रेमेश चंद्रन यांनी हे संकेतस्थळ सुरू केले, आणि इंटरनेटवरील बातमीसाठी वाचक पैसे देत नाही हा समज तेव्हा सर्वत्र पक्का असतानाही काही वर्षांतच वर्गणी लागू केली. वाचकांच्या प्रतिक्रियांवरून फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने या संस्थेला पाच लाख रिंगिटचा दंड ठोठावला, तेव्हा ती रक्कम वाचकांनी काही तासांत उभी केली. हे श्रेय अर्थातच संपादकांचे आणि वाचकांचे आहे. मात्र असा वाचकवर्ग घडण्यास जी वर्षे लागतात, तेवढा काळ धीर धरणारे भांडवल बाजारात सहसा मिळत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील मेल अँड गार्डियनमध्ये २०१७ साली फंडाने बहुमताचा हिस्सा घेतला, तो व्यवहार मला अधिक धाडसाचा वाटतो. २०२० मध्ये त्या वृत्तपत्राच्या छत्राखाली द काँटिनेंट हे साप्ताहिक सुरू झाले, जे पीडीएफच्या रूपात व्हॉट्सअॅपवरून थेट वाचकाच्या हाती जाते. छापखाना आणि वितरण हे दोन खर्च वजा झाले, की आशयावर किती लक्ष देता येते, याचा हा चांगला नमुना आहे.

आता उणिवा. परदेशी भांडवल हेच सरकारच्या हातातील हत्यार ठरू शकते. फिलिपिन्समध्ये रॅपलर या वृत्तसंकेतस्थळाने ओमिडयार नेटवर्क या अन्य गुंतवणूकदाराकडून पैसा घेतला होता. त्यात मालकी हक्क येत नाही असे कंपनीचे म्हणणे असतानाही जानेवारी २०१८ मध्ये तेथील रोखे नियामकाने तिची नोंदणी रद्द ठरवली, आणि प्रकरण कित्येक वर्षे न्यायालयांत रेंगाळले. कायदेशीर छळापुढे स्वस्त व्याजाचा उपयोग नाही. दुसरी अडचण चलनाची आहे: उत्पन्न स्थानिक चलनात आणि परतफेड डॉलरमध्ये असेल, तर चलन घसरताच चोख चालणारे वृत्तपत्रही अडचणीत येते. तिसरी गोष्ट म्हणजे गावपातळीवरील छोटे साप्ताहिक, परागंदा पत्रकारांचे संकेतस्थळ किंवा केवळ शोधपत्रकारिता करणारा गट यांना हप्ता भरण्याइतके उत्पन्न मुळात नसते. त्यांना अनुदानच हवे, आणि त्यांनी या दारात वेळ दवडू नये.

ज्यांचा वाचक ठरलेला आहे, हिशेब स्वच्छ आहेत आणि अडथळा केवळ यंत्रसामग्रीचा किंवा विस्ताराच्या भांडवलाचा आहे, अशा मध्यम आकाराच्या संस्थांना मी या सेवेची शिफारस करेन. भागभांडवल घेण्यापेक्षा शक्य तेथे कर्जच घ्यावे. आणि हिस्सा द्यावाच लागला, तर पुढे तो विकताना पहिला हक्क पत्रकारांना मिळेल, अशी अट वकिलाकडून करारात लिहून घ्यावी.