डाउनलोडच्या बाबतीत सफारी: नको तिथे तत्परता

मॅकवर रोजच्या वाचनासाठी सफारीइतका हलका ब्राउझर मला दुसरा सापडलेला नाही, मात्र डाउनलोड केलेली फाइल जशीच्या तशी डिस्कवर पोहोचवण्याच्या साध्या कामात तो फायरफॉक्स आणि क्रोमच्या मागे पडतो. याचे कारण त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ या भागाच्या तळाशी, मुळातच चालू ठेवलेल्या ‘ओपन सेफ फाइल्स आफ्टर डाउनलोडिंग’ या पर्यायात आहे. झिप फाइल उतरली की सफारी ती परस्पर उलगडतो आणि मूळ झिप ट्रॅशमध्ये टाकतो. जीझिप या पद्धतीने आवळून लहान केलेली टार फाइल (अनेक फाइलींचे एकच गाठोडे) असेल, तर जीझिपचे आवरण काढून नुसती टार फाइल हाती देतो. आलेले टपाल पोस्टमनने दारातच फोडून, पाकीट फेकून आत द्यावे, तसा हा प्रकार आहे.

अनेक सॉफ्टवेअर प्रकल्प आपल्या फाइलीसोबत तिचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून गणिताने काढलेली आणि डाउनलोडनंतर जुळवून पाहता येणारी ओळख, प्रसिद्ध करतात. फाइलीतला एक बिट जरी बदलला, तरी ही ६४ अक्षरांची ओळख पूर्णपणे वेगळी येते. सफारीने आवरण काढलेल्या फाइलीचा चेकसम अर्थातच जुळत नाही, आणि सावध वापरकर्त्याला वाटेत कोणीतरी फाइलीत ढवळाढवळ केल्याचा संशय येतो. खरा धोका याच्या पुढचा आहे: असा खोटा इशारा वारंवार मिळालेला माणूस खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतो. हा पर्याय एका क्लिकने बंद होतो हे खरे, पण तो आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

ब्राउझरने फाइलीला काहीच करू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. सर्व्हरने केवळ प्रवासापुरते आवळलेले पान उलगडणे हे ब्राउझरचे कामच आहे. पंचाईत होते ती मुळातच जीझिप असलेल्या फाइलीवर सर्व्हरने प्रवासापुरत्या आवळणीचे लेबल लावले की. अशा वेळी फायरफॉक्स फाइलीच्या नावाचा शेवट पाहून आवरण तसेच ठेवतो, आणि हा तोडगा अंदाजावर आधारलेला असला तरी शहाणपणाचा आहे. फाइल इंटरनेटवरून आल्याची खूण विंडोज आणि मॅकओएस या दोन्ही प्रणालींत ठेवली जाते, परंतु ती फाइलीच्या मजकुराबाहेर असल्याने चेकसमला धक्का लागत नाही. खूण करावी तर अशी.

पीडीएफच्या बाबतीत क्रोमचे वर्तन सरळ आहे: फॉर्ममध्ये काही भरून डाउनलोड करू गेल्यास भरलेली प्रत हवी की मूळ, हे तो विचारतो. त्याचे ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ हे छपाईतले गंतव्य मात्र फसवे आहे, कारण त्यातून मूळ फाइल जतन होत नाही, नवीच तयार होते. महाभूमीच्या पोर्टलवरून शुल्क भरून घेतलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा या मार्गाने जतन केला, तर स्वाक्षरीचे चित्र दिसत राहते, पण सॉफ्टवेअरने पडताळता येणारी स्वाक्षरी त्या प्रतीत उरत नाही. याची सूचना देणारी एक ओळ छपाईच्या खिडकीत असायला हवी होती.