आधी देव की आधी संसार? निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका नव्या जोडप्यानं परवा कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खाता खाता मला सरळच विचारलं, "काका, देवावर सगळ्यांत जास्त प्रेम करायचं म्हणजे आम्ही फ्लॅटचं बुकिंग सोडायचं का?" हो किंवा नाही असं एका शब्दात मला सांगता येईना. म्हणून दोन्ही वाटा इथं शेजारी शेजारी मांडतो.

ही तुलना संन्यास आणि संसार यांची नाही, हे आधीच सांगतो. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा भक्तांचा संघ उभा केला. ते त्यांचं पाचारण, म्हणजे देवानं त्यांना दिलेली हाक, होती. प्रत्येकाला तेच सांगितलेलं नसतं. बायबलात मार्क १० मधल्या श्रीमंत माणसाला प्रभू येशूनं सगळं विकून टाकायला सांगितलं, पण लूक १९ मधल्या, येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कय या जकातदाराला तसं काहीच सांगितलं नाही. त्यानं आपण होऊन अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. पैसेवाले दोघंही होते. एक आनंदानं झाडावरून उतरला, दुसरा खिन्न होऊन निघून गेला. मग हिशेब नुसत्या रकमेचा कसा असेल?

पहिली वाट म्हणजे आधी संसार आणि उरलेलं देवाला. ही वाट धरणारी माणसं वाईट नसतात. हप्ते वेळेवर जातात, पोरं चांगल्या शाळेत शिकतात, पाहुण्यांत मान राहतो. नाताळला आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ती उपासनेला असतात. मी स्वतः या वाटेवर बरीच वर्षं काढली आहेत. शिरोलीतल्या एका फौंड्रीत होतो, सुट्टी सोमवारी. रविवारी दुसरी पाळी मागितली असती तर मिळाली असती, पण पहिल्या पाळीत इन्सेंटिव्ह जास्त होता आणि मला पाचगावच्या बाजूला प्लॉट घ्यायचा होता.

प्लॉट झाला. शेजारचा चुलतभावानं घेतला. पाया आखताना त्याच्या गवंड्यानं मारलेली चुन्याची फक्की माझ्या हद्दीत अर्धा फूट आली, असं मला वाटलं. मी टेप घेऊन तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजताना टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता, कारण ते टोक धरणाऱ्या भावाशीच मी बोलणं टाकलं होतं. वर्षभर आम्ही एकमेकांच्या दारात गेलो नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी मी मागच्या बाकावर बसायचो आणि ताट जवळ आलं की मान खाली घालायचो. अर्पण वेदीजवळ ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे मत्तय ५ मधलं वचन लहानपणापासून पाठ होतं. शेवटी मी अर्धा फूट सोडला. त्या अर्ध्या फुटावर आज त्याच्या घरची तुळस नाही की माझी भिंत नाही, नुसतं गवत आहे.

म्हणून या वाटेबद्दल माझं मत कडक आहे. संसार पहिला ठेवला की देव दुरावतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ज्या माणसांसाठी सगळं चाललेलं असतं तीही हातातून निसटतात, हे मला भोगल्यावर कळलं.

दुसरी वाट म्हणजे आधी देव. हिची किंमत लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पैसा खरोखर कमी पडतो. नातेवाईक बोल लावतात. आई-बाप आणि मुलांपेक्षा माझ्यावर जास्त प्रेम करा, हे मत्तय १० मधलं मागणं ऐकताना आजही पोटात खड्डा पडतो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात त्या घरानं काय सोसलं, हे मराठी माणसाला सांगायला नको.

पण या वाटेवर एक खोटा फाटा फुटतो, आणि त्यावर बरेच भक्तिमान लोक चालताना दिसतात. रोज संध्याकाळी प्रार्थनासभा, आणि घरी म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या संपलेल्या. मार्क ७ मध्ये येशू अशांनाच झापतो. 'हे देवाला वाहिलं' म्हणून आई-बापांना द्यायचं टाळणारे ते लोक. घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट, असं प्रेषित पौलही आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, बजावतो. देव पहिला असेल तर गोळ्या वेळेवर येतात. त्या येत नसतील तर पहिल्या जागी देव नाही, आपला मोठेपणा आहे.

पैशाचं म्हणाल तर मला आईचा गूळ आठवतो. गुऱ्हाळ सुटलं की पिवळाधमक, बिनडागी असा एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, ती फडक्यात बांधून बाजूला ठेवायची. बाकीचा मग मार्केट यार्डात. पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या हंगामाच्या उपासनेत तो रवा वेदीपुढं जायचा, नंतर लिलाव व्हायचा, आणि वडील बाजारभावापेक्षा चढी बोली लावून आपलाच गूळ परत आणायचे! लहानपणी मला तो तोट्याचा सौदा वाटायचा. आता वाटतं, वर्षभराच्या गुळात तेवढाच एक रवा आम्ही मोकळ्या हातानं खाल्ला.

तर फ्लॅट. घर घेणं हे पाप नाही. माझा सल्ला एवढाच, की हप्ता ठरवायच्या आधी तीन गोष्टी काढून ठेवा: दशांश (उत्पन्नाचा देवाला द्यायचा दहावा हिस्सा), सासऱ्यांच्या डायलिसिसचा खर्च आणि रविवारची सकाळ. त्यानंतर जेवढा हप्ता झेपेल तेवढंच घर घ्या. मोठ्या घरासाठी यातलं एक जरी मोडावं लागत असेल, तर तो फ्लॅट सोडा, मग तो कितीही चांगल्या जागी असो.

त्यांनी अजून काही ठरवलेलं नाही. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर दोघं साने गुरुजी वसाहतीत एक जुना वन बीएचके बघायला जाणार आहेत. मलाही बरोबर बोलावलंय.